टेम्पोत मावणारा खर्ज

यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी फोनवर एका शब्दात सांगितला: ओझं. शेतकऱ्याचं, कर्जाचं, दप्तराचं, बाईच्या डोक्यावरच्या हंड्याचं, सगळी ओझी आधीच कुणी ना कुणी उचलली होती. माझ्या वाट्याला खर्जाचं ओझं आलं. ते मी मागूनच घेतलं म्हणा. गाण्यातला सगळ्यात खालचा सूर किलोमध्ये मोजावा लागतो, गाडीत चढवावा लागतो, रात्री अंधारात उतरवावा लागतो आणि पहाटे पुन्हा चढवावा लागतो, हे ज्यांचं रोजचं काम आहे अशी माणसं चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हिवाळाभर रस्त्यावर असतात. त्यांच्यासमोर प्रश्न एकच असतो. लहानात लहान बॉक्समधून मोठ्यात मोठा आणि खोलात खोल आवाज कसा काढायचा?

वडसा, चार वाजल्यानंतर

वडसा म्हणजे कागदोपत्री देसाईगंज. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला, त्यानंतर बराच काळ रेल्वे स्टेशन असलेलं जिल्ह्यातलं हे एकच गाव. वैनगंगा ओलांडली की ब्रह्मपुरी, म्हणजे पुन्हा चंद्रपूर जिल्हा. दिवाळी सरली की वडशाच्या गाळ्यांवर नाटक कंपन्यांच्या पाट्या लागतात. आत एक टेबल, चार खुर्च्या, भिंतभर पोस्टरं. गावोगावची मंडळं येतात, कोणतं नाटक, कोण नट, किती पैसे हे ठरतं आणि तारीख वहीत चढते. भाऊबीजेपासून होळीपर्यंत हा हंगाम चालतो. गावात मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असते, लेकीजावई येतात, पाहुण्यांत स्थळं बघितली जातात आणि रात्री नाटक. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप पडतो, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि उजाडायच्या सुमाराला मिटतो.

या झाडीपट्टी रंगभूमीचं मूळ दंडारीसारख्या लोकप्रकारांत आहे हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. इथले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, त्याच्या आदल्या वर्षी याच रंगभूमीवरचा तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ चित्रपट आला, आणि पुण्या-मुंबईचे लोक नट-नट्यांना भेटून गेले. साउंडवाल्याला भेटायला कुणी येत नाही. मी गेलो तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं की मी वीज कंपनीतून आलोय.

चारनंतर गाडी भरायला लागते. आधी लोखंडी पाईप आणि पडद्यांचे लांब गठ्ठे, कारण ते आडवेच बसतात. मग कपड्यांच्या पेट्या. मग लाइट. साउंडचं सामान शेवटी, कारण गावात पोचल्यावर ते आधी उतरवायचं असतं. मंडप बांधणाऱ्या पोरांना गाणी लागतात आणि गावालाही कळावं लागतं की नाटक आलं. साउंडच्या वाट्याला टेम्पोचा मागचा तुकडा येतो, दोन माणसं झोपतील एवढा. त्यात मिक्सर, मशीन (ॲम्प्लिफायरला इथे मशीनच म्हणतात), वायरींची पोती, माईक, वरच्या आवाजाचे दोन टॉप आणि खालच्या आवाजाचे दोन बेस बॉक्स.

“डबल अठरा आहेत माझ्याकडे,” साउंडवाला भाऊ म्हणाला. डबल अठरा म्हणजे अठरा इंची दोन स्पीकर असलेला, कपाटाएवढा बॉक्स. “ते वरातीले. नाटकाले नाही नेत. ते बसले त पडदे कुठं ठेवू मी? डोक्यावर?”

नागपूरकडची धुमाल ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वाक्य लगेच कळेल. धुमालच्या गाडीवर बॉक्सच बॉक्स रचलेले असतात, वाजवणारे उरलेल्या जागेत उभे राहतात. तिथे आवाज हाच कार्यक्रम. नाटकात आवाजाला आणखी पंधरा सामानांबरोबर जागा वाटून घ्यावी लागते.

लहान, खोल, मोठा

बेस गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते. झाडीपट्टीत बेस गिटार क्वचितच दिसते. तिचं काम ऑर्गनवाल्याचा डावा हात करतो. ऑर्गन म्हणजे आता बहुतेक ठिकाणी सिंथेसायझर, पण नाव ऑर्गनच राहिलं आहे. सूर तोच असला की हवेतली त्याची लाटही तीच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २७ फूट. टेम्पोपेक्षा लांब.

अशी लाट उठवायची तर पुष्कळ हवा ढकलावी लागते. सूर एका सप्तकाने खाली नेला आणि आवाज तेवढाच ठेवायचा म्हटला, तर चौपट हवा हलवावी लागते. त्यासाठी स्पीकरचा कागदी कोन मोठा हवा, नाहीतर त्याने पुढे-मागे लांब धाव घ्यायला हवी. कोन पुढे येतो तेव्हा त्याच्या पाठीमागची हवा विरळ होते. बॉक्स नसेल तर पुढची दाट हवा कडेने वळसा घालून मागे जाते आणि दोघी एकमेकींना मारून टाकतात. उघडा स्पीकर हातात धरून वाजवला की तो चिरका वाटतो तो यामुळे. पुढच्या आणि मागच्या हवेची गाठ पडू न देणं हे बॉक्सचं पहिलं काम.

दुसरं काम अवघड. बंद बॉक्समधली हवा कोनाला स्प्रिंगसारखी मागे ओढते. बॉक्स जितका लहान, तितकी ही स्प्रिंग कडक आणि खालचे सूर तितके दबलेले. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ साली ही अडचणच कामाला लावली. कोन मुद्दाम ढिला बांधला आणि त्याला सावरायचं काम आतल्या हवेवर सोपवलं. फडताळात मावणाऱ्या बॉक्समधून खोल सूर आला, पण किंमत मोजावी लागली ती जोराच्या रूपात. तेवढ्याच वॉटला आवाज कमी.

हा व्यवहार अँटन हॉफमन यांनी नियमात बांधला. प्रख्यात पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचा हा मुलगा, केएलएच या स्पीकर कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक. बॉक्स लहान हवा, सूर खोल हवा, थोड्या वॉटमध्ये आवाज मोठा हवा, या तीन मागण्यांपैकी दोन पुऱ्या होतात, तिसरी सोडावी लागते. ध्वनीच्या धंद्यात याला पोलादी नियम म्हणतात. तो कुणालाही चुकलेला नाही, जाहिरातवाल्यांनाही नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टेपरेकॉर्डरवर हजार-हजार ‘पीएमपीओ’ वॉट छापलेले असायचे, आणि घरी आणल्यावर शेजारच्या खोलीत ऐकू यायचं नाही, ते आठवून पाहा.

पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तोंड असलेल्या बॉक्सचं गणित मांडलं. बॉक्सला ठरावीक मापाचं भोक पाडून आत नळी बसवली की रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर जसा हुंकार निघतो तसा एक सूर बॉक्सला स्वतःचा मिळतो. तो सूर नेमका जिथे स्पीकर दमायला लागतो तिथे बसवला की खालचं अर्धं सप्तक जवळजवळ फुकटात मिळतं. मात्र त्या सुराच्या खाली गेलं की कोनाला आवरणारं कुणी उरत नाही. तो वाटेल तसा फडफडतो आणि त्याला हलवणारी कॉइल बाहेर येते. बॉक्स जातो तो पुष्कळदा असा, मोठ्या आवाजाने नाही तर न झेपणाऱ्या खोल सुराने.

सागाच्या मुलखात प्लायवूड

आलापल्लीचा साग काय आहे हे सांगायची गरज नाही. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारपूरच्या आगारातून लाकूड गेलं. मग सागाच्या पेटीतून खर्ज का काढू नये? मी सुताराला विचारलं. नाटकाचे, वरातीचे बॉक्स बनवून त्याचे हात पिकले आहेत. तो हसला.

“साग जिता असतो, सर. पावसात फुगते, उन्हात आकसते. सांधा उघडला का हवा निघाली. हवा निघाली का बेस गेला.”

बॉक्सला लागतं ते निर्जीव लाकूड, स्वतः न वाजणारं. सतरा-अठरा मिलिमीटरचं प्लायवूड, एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले पापुद्रे, त्यामुळे कोणत्याच बाजूला फारसं न हलणारं. आत समोरासमोरच्या फळ्यांना जोडणारी आडवी पट्टी, म्हणजे भिंती थरथरत नाहीत. एमडीएफ स्वस्त आणि जड, शहरातल्या दिवाणखान्यात चालतं. इथे हंगामभर दव पितं आणि कोपऱ्यांतून फुलतं. बॉक्सचा खालचा कोपरा आधी जातो, कारण शेतात तो ओल्या मातीवरच उभा असतो.

सुताराकडे मापं असतात ती कुठल्या तरी परदेशी बॉक्सची. एखादा असा बॉक्स दुरुस्तीला आला की टेपने मोजून घ्यायचा, वहीत उतरवायचा. माप बरोबर उतरतं. चूक होते ती पुढच्या पायरीला. नळीचं भोक शोभेचं समजून वाढवलं जातं, आतली लांबी कापली जाते, किंवा मूळ स्पीकरऐवजी दुसराच बसवला जातो. मग बॉक्सचा स्वतःचा सूर वर सरकतो किंवा स्पीकरशी जुळत नाही, आणि एकच एक सूर बोंबलायला लागतो. गाणं कोणतंही असो, बेस तोच. भाऊच्या भाषेत ‘ढुम बॉक्स’. वरातीत तो खपतो.

वर माईक, खाली ऑर्गन

नाटक सुरू झाल्यावर मी साउंडवाल्याच्या शेजारी बसलो. रंगमंचाच्या पुढच्या काठावर वरून माईक टांगलेले असतात. नट त्यांच्या खाली येऊन बोलतो, आणि सवयीचा नट चालता-चालता एका माईकवरून दुसऱ्यावर असा जातो की बोलणं कुठे तुटत नाही. वाजवणारे रंगमंचाच्या समोर खाली बसलेले, प्रेक्षकांकडे पाठ करून: ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. नटाने भुवई उचलली की त्यांना कळायला हवं.

टांगलेला माईक नटाचं ऐकतो तसंच बाकी सगळं ऐकतो. फळ्यांवरची धावपळ, खलनायकाच्या बुटांचा दणका, वारा, आणि बेस बॉक्समधून परत आलेला आवाजही. तो पुन्हा मशीनमधून बॉक्समध्ये गेला की चक्र बसतं. वरच्या सुरात बसलं तर शिट्टी वाजते, खालच्या सुरात बसलं तर सगळा मंडप घुमायला लागतो. म्हणून मिक्सरवर माईकच्या ओळीत पहिलं बटण दाबलेलं असतं ते खालचे सूर कापणारं. माणसाचं बोलणं कळतं ते मुख्यतः हजार ते चार हजार कंपनांच्या पट्ट्यात. व्यंजनं तिथे असतात. खर्जाचा त्यात काही उपयोग नाही, उलट अडथळा.

दुसऱ्या अंकात आई मुलाचं पत्र वाचते असा प्रसंग होता. ऑर्गनवाल्याने खालचा एक लांब सूर धरला. भाऊने डोळे रंगमंचावरून न काढता बेसची दांडी दोन बोटं खाली आणली. बाईचं बोलणं संपल्याबरोबर परत वर. पुढे लावणी आली तेव्हा दांडी पार वर, आणि मागच्या रांगेतल्या पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या. रात्रभर त्याचा हात असा वर-खाली होत होता. मला वाटलं होतं की साउंडवाला आवाज देतो. हा तर जास्त वेळ आवाज काढून घेत होता.

त्याने तीनपैकी कोणती मागणी सोडली आहे हेही तिथेच कळलं. त्याचे बेस बॉक्स पंधरा इंची, एकेरी, गुडघ्याच्या वर येतील एवढे. पन्नास कंपनांच्या खालचं सगळं त्याने कापून टाकलं आहे. सगळ्यात खोल पट्टा, जो लहान बॉक्सला झेपतच नाही, तो त्याने मुळातच पाठवणं बंद केलंय. त्यामुळे उरलेल्या पट्ट्यात बॉक्स मोकळा वाजतो, कॉइल तापत नाही आणि जनरेटर ओढ खात नाही. पूर्वी जुन्या जड मशीनवर दर ठेक्याला झालर मिचकायची. आताची हलकी मशीन दोनशे-सव्वादोनशे व्होल्टच्या चढउताराला तितकी भीक घालत नाहीत.

आणि गंमत अशी की तो कापलेला सूर प्रेक्षकांना ऐकू येतो. ४१ कंपनांचा सूर कधीच एकटा नसतो. त्याच्याबरोबर ८२, १२३, १६४ असे त्याचे पटीतले सोबती असतात. सोबती नीट पोचले तर नसलेला मूळ सूर कान स्वतः भरून काढतो. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरवर आपल्याला ढोलकी कळते ती याच जोरावर.

दवाची रात्र

मोकळ्या शेतात खर्जाला आसरा नसतो. खोलीत भिंती आणि कोपरे खालचे सूर परत पाठवतात. इथे तीन बाजूंनी कनात आणि वर आभाळ. म्हणून बॉक्स कधी टेबलावर ठेवायचा नाही, जमिनीवरच ठेवायचा. जमीन खाली जाणारा आवाज परत वर पाठवते. दोन बॉक्स दोन टोकांना ठेवण्यापेक्षा एकाला एक चिकटवून ठेवले तर खालच्या सुरात ते एकाच मोठ्या कोनासारखे वागतात आणि एकट्याच्या जवळपास चौपट जोर देतात. भाऊला डेसिबलची भाषा नको असते. त्याने बॉक्स चिकटवले होते.

मध्यरात्रीनंतर वेगळाच प्रकार होतो. जमीन थंड पडते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वर उबदार थर राहतो. अशा वेळी आवाज वर न जाता वाकून खाली येतो आणि लांब पळतो. नऊ वाजता जे गाणं पुढच्या टोल्यापर्यंत जात नाही, ते दोन वाजता दोन कोसांवर ऐकू येतं. कंपनीला हे हवंच असतं, पुढच्या वर्षीची तारीख असल्या ऐकण्यातूनही ठरते. कायद्याचं मात्र वेगळं म्हणणं आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, आणि सरकारने सूट दिली तरी ती वर्षातले पंधरा दिवस, तीही रात्री बारापर्यंत. ज्या नाटकाचा पडदाच दहाच्या सुमाराला उघडतो त्याचं या नियमाशी कसं जमावं? लांब पळणारा आवाज म्हणजे खर्जच. वरचे सूर हवा आणि झाडं पिऊन टाकतात. म्हणून खालचा पट्टा कापण्यात शहाणपण दुहेरी आहे.

जंगलाला हे गणित आधीपासून ठाऊक आहे. २०२१ च्या अखेरीस छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला आणि अधूनमधून धानात येऊ लागला. हत्ती माणसाला ऐकू न येणाऱ्या, सेकंदाला वीसपेक्षाही कमी कंपनांच्या सुरांत एकमेकांशी बोलतात, हे संशोधक केटी पेन यांनी १९८० च्या दशकात दाखवलं. संध्याकाळनंतरच्या अशाच गार थरामुळे ती हाक कित्येक किलोमीटर जाते. एवढा खोल सूर काढायला किती मोठा बॉक्स लागतो, ते हत्तीकडे बघून कळतं.

दव पडायला लागलं की बॉक्सवर ताडपत्री जाते, तोंड तेवढं उघडं. कागदी कोन ओला झाला की जड होतो, आवाज बसतो. पहाटे सामान चढवताना कोनावर फडकं फिरवायचं, जोराने नाही. आणि मग ताडोब्याच्या बाजूचा किंवा ब्रह्मपुरी वनविभागाचा रस्ता असेल तर ड्रायव्हर मध्ये कुठेही थांबत नाही, वाघ आडवा आला तरच.

चंद्रपूरचा बेसवाला

चंद्रपूरला मला खराखुरा बेस गिटारवाला भेटला. दिवसा मोबाइल दुरुस्ती, रात्री कार्यक्रम. बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात दीक्षा दिली, त्यामुळे ऑक्टोबरचा मध्य आणि पुढे एप्रिल हे त्याचे भीमगीतांचे दिवस. मधल्या हिवाळ्यात एका नाटक कंपनीने त्याला विचारलं होतं. अट एकच: गाडीत एक जागा, माणसाची आणि सामानाची मिळून.

लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणली ती याच वैतागातून. त्याआधीचा उभा डबल बेस माणसापेक्षा मोठा आणि वाद्यवृंदात ऐकू न येणारा. वाद्य लहान झालं, ओझं बॉक्समध्ये गेलं. अँपेग कंपनीने १९६९ साली तीनशे वॉटचं यंत्र आणि दहा इंची आठ स्पीकरांचा बॉक्स काढला. नुसता बॉक्सही भलताच जड. तेवढेच वॉट देणारं आजचं मशीन दोन-तीन किलोचं असतं आणि गिटारच्या पिशवीच्या खिशात जातं. निओडिमियमच्या चुंबकांनी स्पीकरचंही वजन निम्म्यावर आणलं. हवा मात्र कुणाला लहान करता आली नाही, म्हणून बॉक्स तेवढा मागे राहिला.

बारा इंची एकच स्पीकर, निओडिमियम चुंबक, वजन तेरा-चौदा किलो, मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बांधता येईल असा बॉक्स त्याने हेरला होता. नागपूरच्या दुकानात तो झकास वाजला. दुकानात सगळेच झकास वाजतात. बॉक्स भिंतीच्या कोपऱ्यात असतो आणि कोपरा खर्ज फुकट वाढवून देतो. त्याने दुकानदाराला विनंती करून तो बाहेर फुटपाथवर आणवला, मशीनवरचं बेसचं बटण मधोमध ठेवलं आणि जाड तार छेडत थोडा लांब जाऊन उभा राहिला. तिथून त्याने तीन गोष्टी ऐकल्या. तारेचे सगळे सूर एका जोराचे आहेत की एखादाच बोंबलतो? नळीतून हवेचा फुस्स आवाज येतो का? जोर वाढवला की सूर वाढतो की नुसता फाटतो?

वॉटचा आकडा त्याने शेवटी पाहिला, आणि ते बरोबरच. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती आवाज, हा आकडा जास्त कामाचा. एक बॉक्स ९७ डेसिबल देत असेल आणि दुसरा १००, तर पहिल्याला तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॉट लागतात. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर दहापट. ओहम त्याने आठच घेतले. पुढे पैसे झाले की तसाच दुसरा बॉक्स जोडायचा. दोन मिळून चार ओहम होतात आणि मशीन पूर्ण ताकदीने चालतं. चारचा एकच घेतला असता तर पुढचा रस्ता बंद.

हे सगळं घेऊन तो तालमीला गेला तेव्हा साउंडवाल्याने त्याला सांगितलं की प्रेक्षकांसाठी तुझा बॉक्स लागणारच नाही. गिटारची वायर एका छोट्या डबीतून सरळ मिक्सरला येईल, माझ्या पंधरा इंचीतून वाजेल, आणि दांडी माझ्या हातात राहील. तुझा बॉक्स तुला आणि तबलजीला ऐकू येण्यापुरता. वाजवणारे खाली जमिनीवर बसतात, म्हणून बॉक्सही जमिनीवर, पुढच्या काठाखाली वीट सारून तोंड वर केलेला. म्हणजे आवाज गुडघ्यांवर न आदळता कानाशी येतो, कमी जोर पुरतो आणि वरच्या टांगलेल्या माईकपर्यंत कमी पोचतो. याला बारा इंचीसुद्धा जास्त, दहा इंची पुरला असता, असं भाऊचं मत. बेसवाल्याला ते मान्य नाही. एप्रिलमध्ये चौकातल्या कार्यक्रमाला मिक्सर कुणाचा असेल सांगता येत नाही, तिथे आपला आवाज आपल्याकडे हवा.

सध्या वाद वेगळाच चालू आहे. नटाला नाइटचे पैसे मिळतात, वाजवणाऱ्यालाही. स्वतःचा बॉक्स आणणाऱ्याला नाइटमागे वेगळं भाडं द्यायचं का? कंपनीचा मालक म्हणतो, गाडीत जागा दिली हेच भाडं. बेसवाला म्हणतो, मग जागेचे पैसे धरा आणि बॉक्सचेही धरा. भाऊ दोघांच्या मध्ये पडलेला नाही, पण पडद्यांच्या गठ्ठ्यामागे त्याने तेवढी जागा मोजून ठेवली आहे.